पाऊण इंचाचा आटा

उमापूर, ता. गेवराई
३ नोव्हेंबर

मोहिनी,

जयभीम. तुझ्या सासरी शरणार्थ म्हणतात, तर तेही घे. दोन्हींतलं जे गोड लागेल ते ठेव.

फोन तू उचलत नाहीस. मी दुसऱ्या नंबरवरून केला तर माझा ‘हॅलो’ ऐकूनच ठेवून देतेस. म्हणजे आवाज अजून ओळखतेस, मला तेवढंही पुष्कळ झालं. पत्राचं बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतल्यावर दोन ओळी वाचल्याशिवाय तुझ्याच्याने राहवणार नाही. भावजय आहे मी तुझी, तुला चांगली ओळखते.

तर बातमी अशी, की तुझ्या दादांनी घर बांधलं. जागा घेतली नाही, पाया खणला नाही, पिकअपवर बांधलं. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यापासून ते घरात बसून मला भाजी चिरायला शिकवत होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, अशातली गत. शेवटी भाजीपाला वाहणारी एक जुनी गाडी घेतली आणि तिच्या पाठीवर पत्र्याची खोली उभी केली. आत समोरासमोर दोन बाकडी, रात्री त्यांचाच पलंग. एक शेगडी, एक मोरी, मोरीवर नळ. आणि मागच्या कोपऱ्यात, आतून कडी लावता येईल असा संडास. गाव बघायला येतं. पाहुण्याला चहा करून करून माझी साखर संपली.

हे सगळं मायसाठी. तुला नवीन सांगायला नको, आपल्या बायका गावाला निघायच्या तर आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडतात. गाडी थांबली की बाप्ये भिंतीकडे तोंड करून मोकळे, आणि आपण गुडघे आवळून बसायचं. मायने जन्मभर तेच केलं. आता डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं थकली आहेत, पाणी भरपूर प्यायचं आणि आवरून धरायचं नाही. मायने त्यावर आपला तोडगा काढला. तिने प्रवासच सोडला. गेवराईच्या पुढे तिने कित्येक वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.

डिसेंबरात, गर्दी ओसरल्यावर, तिला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं असं आमचं ठरलं होतं. गाडी तयार झाली त्या दिवशी माय तिच्याभोवती एक चक्कर मारून आली. बाकड्यावर बसली, संडासाची कडी लावून-काढून पाहिली, नळ फिरवून पाहिला. पाणी अजून जोडलेलं नव्हतं.

“ह्यात आपलं पानी आपल्यासंगं ऱ्हातं?” तिने विचारलं.

“राहतंय की. टाकी हाय खाली,” तुझे दादा म्हणाले.

“मंग आदी नेकनूर.”

“माय, नागपूर म्हणलो मी.”

“नागपूर पळून चाललंय व्हय? आदी नेकनूर. पोरीच्या दारात जाऊन दोन दिस ऱ्हाईन. पानी आपलं, भाकर आपली, हातरून आपलं. कुनाला काय मागायचं न्हाई.”

तुझं नाव या घरात इतक्या वर्षांत तिच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि त्या दिवशीही ‘पोरगी’च म्हणाली. पण आवाज कसा होता ते मी ऐकलंय.

तू म्हणशील, पंचशीला, खपली काढू नकोस. काढते, कारण त्याशिवाय मायचं म्हणणं तुला कळायचं नाही. तुझी नि अमरनाथरावांची सोयरीक बोलायला आपण सगळे नेकनूरला गेलो होतो. ते लिंगायत, आपण बौद्ध, दोन्हीकडे धाकधूक. तुझ्या सासूबाईंनी, नीलाबाईंनी, सगळ्यांना पाणी दिलं. त्यांच्या माणसांना स्टीलच्या पेल्यातून, आपल्याला प्लास्टिकच्या, पिऊन फेकायच्या पेल्यातून. मायने तो पेला समोर ठेवला आणि तशीच बसून राहिली. निघताना म्हणाली, ह्या घरचं पानी मी पिनार न्हाई. तू ऐकलंस ते असं, की माझी माय माझा संसार मानणार नाही. तूही म्हणालीस, मग माझ्या दारात येऊच नका. नाना गेले, माय एकटी पडली, तेव्हा तू आलीस, शेवटपर्यंत उभी राहिलीस, आणि मी पुढे केलेला तांब्या उंबऱ्यावर तसाच ठेवून निघून गेलीस. मायने ते आतून पाहिलं. जिद्द तुम्हा दोघींची एकाच विहिरीची आहे.

गेल्या महिन्यात मायला दवाखान्यातून आणलं तेव्हा ती मला हळूच म्हणाली, “पंचशीले, मान्साच्या तोंडात शेवटचं पानी लेकीनं घालावं म्हनतात. जितेपनी जिच्या घरचं पानी घेतलं न्हाई, तिच्या हातचं ते तरी कोनत्या तोंडानं घ्यावं?” मी तिला दटावलं, अजून लई पाणी प्यायचंय तुम्हाला म्हटलं. पण मला त्या रात्री झोप नाही आली. मोहिनी, मायला मरणाची भीती नाही, तिला याची भीती आहे.

आता माझं. मी या घरात आले तेव्हा बारावी अर्धवट टाकून आले होते. हापशावर पहाटेपासून रांग असायची. परीक्षेच्या महिन्यात तू मला उठवायची नाहीस. माझा हंडा आणि तुझा हंडा, दोन्ही तूच आणायचीस आणि मायला सांगायचीस, वहिनीनं आणलं. आज माझ्या अंगणवाडीत चाळीस पोरं ‘बाई, बाई’ करतात ना, ती बाई तुझ्या डोक्यावरच्या हंड्यांनी झाली. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं. आपल्यात म्हणायची पद्धत नव्हती. आज म्हणते, तुझे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि उपकार फेडायची मला घाई नाही, ते अंगावर असलेले बरे वाटतात.

तर आम्ही येऊ का? तुझ्या घरात पाय टाकणार नाही. गाडी उभी करण्यापुरती जागा दे. पाणीसुद्धा मागणार नाही.

तुझी,
पंचशीला


उमापूर
१६ नोव्हेंबर

मोहिनी,

उत्तर नाही आलं. पण पत्रही परत आलं नाही, म्हणजे ते कुठेतरी तुझ्या घरात आहे. कपाटात कपड्यांखाली असेल. तू शाळेतली प्रगतिपत्रकं तिथेच लपवायचीस.

मी तुला पाण्याची हकीकत सांगते. तुला हसू येईल, आणि तू हसलीस की मला इथे कळेल.

टाकी शंभर लिटरची आहे. ती बाकड्याखाली, बरोबर मागच्या चाकांवर बसवली. लिटरचा किलो होतो, म्हणजे भरलेली टाकी म्हणजे आपल्या सरपंचाएवढा ऐवज. तो अगदी मागच्या टोकाला बसवला तर गाडी नाक वर करून पळेल, असं तुझे दादा म्हणाले. एवढा बारीक विचार करणारा माणूस. भरण्यासाठी गाडीच्या कुशीत बाहेरून झाकणाचं एक तोंड ठेवलं. आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, त्यामुळे टाकी भरायचा मुहूर्त लग्नाच्या मुहूर्तासारखा. शेजारची बायनाबाई, तिच्या सुना, सगळी गल्ली गोळा झाली. यांनी नळी त्या तोंडात घातली, मी नळ सोडला. आतून गुडगुड, गुडगुड, आणि टाकीने सगळं पाणी यांच्या तोंडावर थुंकलं.

पाणी आत जायचं तर आतली हवा बाहेर जायला हवी, आणि तिला वाटच ठेवलेली नव्हती! जन्म एसटीच्या टाक्या उघडण्यात गेला! मी हसले तर म्हणाले, “हसू नको, टॉवेल दे.” बायनाबाई म्हणाली, “भाऊजी, आंघोळ झाली म्हनायची.”

हवेसाठी बारीक नळी बसवली, पण तोवर पाणी गेलं. पुढच्या वारापर्यंत थांबलो. त्या वेळी आणखी घोटाळा. दुकानातून आणलेलं नळी नळाला जोडायचं कपलिंग निघालं पाऊण इंचाचं आणि आमच्या नळाचा आटा अर्ध्या इंचाचा. ते नळावर नुसतंच फिरतंय, धरत नाही. यांनी आधी टेफ्लॉनची अख्खी पट्टी गुंडाळली, मग माझ्या जुन्या साडीची चिंधी गुंडाळली, तरी चारी बाजूंनी कारंजं. शेवटी अर्ध्या इंचाचं आणलं. पाऊण इंचाचं ते फेकून देत होते, तर मायने उचललं आणि पदराच्या गाठीला बांधलं. “पितळी हाय,” म्हणाली. तिला काही फेकवत नाही.

मग मोटर. फवारणीच्या पंपात असते तशी छोटी, बॅटरीवरची, नवीकोरी. नळ सोडला की आपोआप घुर्र करते, बंद केला की गप्प. पहिल्यांदा सोडला तेव्हा नळ नुसताच खोकला, थुंकला, फुसफुसला. पाइपातली हवा निघून जाईपर्यंत तसंच करतो म्हणे. माय दोन पावलं मागे सरली. “ह्येच्यात कोन बसलंय?” म्हणाली. आणि मग स्वच्छ धार लागली. मोहिनी, खोटं नाही सांगत, मायने त्या धारेखाली हात धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

नव्या टाकीला प्लास्टिकचा वास मारत होता. मी अंगणवाडीच्या सवयीने ब्लीचिंग पावडर घातली आणि रात्रभर ठेवली. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं असतं. पण ‘पाणी ओतायचं’ हे शब्द आपल्या भागात कुणापुढे काढू नयेत, मायपुढे तर नाहीच. ती बादल्या, पातेली, बायनाबाईची घमेली घेऊन गाडीखाली बसली. एक थेंब जमिनीवर पडू दिला नाही. त्या पाण्याने तिने ओटा धुतला, संडास धुतला, आणि तरी उरलं म्हणून आपलं विहारात नेसायचं पांढरं लुगडं त्यात बुचकळलं. लुगडं असं पांढरं झालंय की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. पण निळा काठ पार आकाशी पडला. “कावून गं असं झालं?” मला विचारते. आता तेच लुगडं तुझ्या दारात नेसून येणार आहे. काठ फिका का, असं तिला विचारू नकोस.

एक सांगायचं राहिलं. माय रोज गाडीत जाऊन पाणी पिते. घरात तांब्या दिला तर म्हणते तहान नाही. गाडीत चढते, नळ सोडते, आपल्या स्टीलच्या फुलपात्रात घेते, बसून सावकाश पिते. मग कोपऱ्यातल्या दाराची कडी लावते. बाहेर येते ती हसत. तिला मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाली, “सवय करून घेतीय. गावाला जायचं आन पानी प्यायचं, हे मला जमाया पायजे का न्हाई?”

उत्तर दे गं. दोन शब्द पुरेत. ‘नको’ असेल तर तेही लिही, मी तिला काहीतरी थाप मारीन.

पंचशीला


उमापूर
२४ नोव्हेंबर

मोहिनी, माझी बाई,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते उलटंपालटं करून वाचलं होतं, आणि त्याला काही कळलं नव्हतं. मला म्हणाला, “ताई, नळवाल्याचं कार्ड हाय.”

‘अंगणातल्या नळाला पाऊण इंचाचा आटा आहे. गल्लीत पिकअप मावते. शुक्रवारी पाणी येतं. मोहिनी.’

मी ते वाचून मोरीत जाऊन रडले. तुझे दादा बाहेरून विचारत होते, काय लिहिलंय, नको म्हणाली का? मी कार्ड दाराखालून सरकवलं. मग त्यांचा आवाज आला, “पाऊण इंची तर आपण बाद केलं.”

तेव्हा मला आठवलं. ते मायच्या पदराला आहे.

मायला आम्ही कार्ड दाखवलेलं नाही. फक्त ‘या’ म्हणाली, एवढंच सांगितलं. कपलिंगचं म्हटलं तर ती निघायचीच नाही. पण तू आमच्यासाठी वाकून नळाचा आटा मोजलास. यापेक्षा गोड पत्र मला आजवर कुणी लिहिलेलं नाही, तुझ्या दादांनी तर नाहीच.

शुक्रवारी दुपारपर्यंत पोचतो.

पंचशीला


उमापूर
७ डिसेंबर

मोहिनी,

काल विहारात मायने ते लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे वंदना म्हटली. आवाज खणखणीत. मी मागे बसून मनात तुझे आभार मानत होते. बुद्धवंदनेच्या वेळी मन इकडेतिकडे जाऊ नये म्हणतात, पण माझं नेकनूरला गेलं.

तुझ्याकडे दोन दिवसांत सगळं बोलणं झालं नाही. तू सारखी रडत होतीस आणि मी सारखी खात होते. तुझ्या लेकीने, रुचिकाने, धपाटे वाढायचे थांबवलेच नाहीत. म्हणून काही गोष्टी तुला ठाऊक नाहीत. त्या आता सांगते.

आम्ही कोरड्या टाकीने का आलो, हे तू दादांना विचारलंस आणि ते म्हणाले, “गळती.” गळती कसली! घाट चढायचा म्हणून त्यांनी टाकी निम्मीच भरली होती. बीडला चहासाठी थांबलो. हे डिझेल बघायला गेले, मी कप परत द्यायला उतरले. परत येते तर गाडीतून घुर्रर्र, घुर्रर्र. माय नळ सोडून बसलेली. हंडा भरलेला, कळशी भरलेली, बादली, दोन्ही पातेली, कुकर, सगळं काठोकाठ, आणि टाकी कोरडी.

“माय, हे काय?”

“नळ सुरू व्हता. भरून ठिवलं. परत कवा येतंय काय म्हाईत.”

आता सांग, काय बोलणार? पाणी टाकीतच होतं, टाकी तिच्याच बाकड्याखाली होती. पण नळाला पाणी आलं की घरातलं एकही भांडं रिकामं राहू द्यायचं नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. मी म्हटलं राहू दे, पुढे बघू. पुढे मांजरसुंब्याचा घाट. पहिल्या वळणाला कुकर गेला. दुसऱ्याला हंडा. मी कळशी धरायला गेले तर बादली माझ्या मांडीवर. गाद्या, पीठ, माझी नवी साडी, सगळं न्हालं. मागच्या दारातून ओहोळ सुरू झाला. एक मोटरसायकलवाला गाडीला गाडी लावून ओरडला, “ओ काका, तुमची गाडी मुतायली!” माझं हसून पोट दुखलं. माय हसली नाही. ती त्या वाहत्या पाण्याकडे बघत बसली होती.

वाटेत कुठेही भरून घेतलं असतं. तुझे दादा म्हणाले, ढाब्यावर मागतो. मायने हात वर केला. “मागायचं न्हाई.” बाटली घेऊ म्हटलं, तर “तहान न्हाई लागली.” ओठ सुकलेले होते तिचे. मला तिचा राग आला, डॉक्टरांचं सांगणं आठवून भीतीही वाटली. तुझं दार दिसेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

पुढचं तू पाहिलंस. तू दारातच होतीस. मायने उतरून तुझ्या तोंडावरून हात फिरवला, तू तिच्या गळ्यात पडलीस. मग डोळे पुसून तू म्हणालीस, “माय, पाणी आणते.” आणि ती म्हणाली, “आमचं हाय गाडीत.” तुझा चेहरा असा पडला की मला वाटलं, संपलं, आता हे दार पुन्हा लागतं. तू चहा ठेवायला आत गेलीस.

इथून पुढचं तुला माहीत नाही.

दादांनी नळी काढली आणि मायपुढे हात पसरला. “पदराचं दे.” तिने विचारलं, कावून? “टाकी कोरडी हाय, माय.” तिने गाठ सोडली, कपलिंग त्यांच्या हातात ठेवलं, आणि गाडीत चढून बाकड्यावर पाठ फिरवून बसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. यांनी अंगणातल्या नळाला कपलिंग लावलं. तीन फेऱ्यांत घट्ट बसलं, टेफ्लॉनसुद्धा लागलं नाही. पण नळ सोडायला यांचा हात होईना. तसेच उभे राहिले, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखे.

तेवढ्यात नीलाबाई काठी टेकत बाहेर आल्या. किती वाकल्या आहेत गं. मी त्यांना ओळखलंच नसतं. त्यांनी नळीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि वाकून स्वतःच्या हाताने नळ सोडला. मग माझ्या हाताला धरून गाडीत चढल्या आणि मायच्या समोरच्या बाकड्यावर बसल्या. बाकडं अजून ओलं होतं. दोघींमध्ये हातभर अंतर. मायच्या बुडाखाली टाकी भरत होती, तिचा आवाज येत होता, आणि माय खिडकीतून बाहेर बघत होती.

नीलाबाई म्हणाल्या, “त्या दिवशी मी समद्यांना सांगितलं, पेले कमी पडले म्हणून. पेले कमी पडले नव्हते.”

“ठावं हाय मला,” माय म्हणाली. “मांडनीवर दिसत व्हते.”

नीलाबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं आता त्या रडतील, माफी मागतील. तसं काही झालं नाही. त्या म्हणाल्या, “मला पाणी द्या.”

मायने वळून पाहिलं.

“तुमच्या नळाचं द्या. तुमच्या टाकीत गेलं, आता तुमचं झालं. मला तहान लागलीय.”

मोहिनी, तुझ्या दादांनी प्रवासाला म्हणून प्लास्टिकच्या पेल्यांचं एक पाकीट आणलं होतं. ते मोरीवरच्या फळीवर, नळाच्या अगदी शेजारी ठेवलेलं. मायने हात वर केला तो त्या पाकिटाकडेच. एक पेला काढला. तो हातात धरून उभी राहिली. नीलाबाई बघत होत्या, मी बघत होते. मनात म्हटलं, माय, तुमचा हक्क आहे, पण नको.

तिने तो पेला परत पाकिटात सरकवला. आपलं फुलपात्र घेतलं, जे ती कुणाला देत नाही, मलासुद्धा नाही. विसळलं. नळ सोडला. तो आधी खोकला, थुंकला, मग धार लागली. नीलाबाई दचकल्या. माय म्हणाली, “काई न्हाई, हवा हाय. निगून जाती.”

नीलाबाईंनी फुलपात्र दोन्ही हातांनी घेतलं. तुझ्या सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या, भांड्याला कधी ओठ लावत नाहीत, वरून पाणी पितात, हे तूच मला सांगितलंस. त्या दिवशी त्या ओठ लावून, डोळे मिटून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. रिकामं भांडं परत दिलं. मी ते विसळायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” माय म्हणाली.

आणि तसंच ते नळाखाली धरून तिने भरलं, आणि प्यायली. घाटापासूनची तहान होती, गटागटा प्यायली. पुन्हा भरलं, पुन्हा प्यायली. आकाशी काठावर पाणी सांडत होतं, तिला त्याचं भान नव्हतं.

तू चहा घेऊन आलीस तेव्हा दोघी एका बाकड्यावर बसल्या होत्या. तू घाबरून विचारलंस, “काय झालं?” आणि नीलाबाई म्हणाल्या, “काही न्हाई, पाणी पितोय.” तू ट्रे तसाच धरून उभी राहिलीस. का कोण जाणे, पण तुला सगळं समजलं असं मला वाटलं. तरीही लिहिलं, कारण अशी गोष्ट माहीत असून भागत नाही, ती कुणीतरी सांगावी लागते.

दोन दिवस तू तिला तांब्याने दिलंस, तिने घेतलं. निघताना मला म्हणाली, “आता तिला म्हनावं, शेवटच्या पान्याला सावकाश ये. मला घाई न्हाई.”

आता इथली तक्रार ऐक. परत आल्यावर मी दादांना म्हटलं, टाकीतलं पाणी शिळं झालं, ओतून टाका. माय गाडीच्या दारात आडवी झाली. “लेकीच्या घरचं पानी हाय. हात लावू नगा.” मी माझं अंगणवाडीचं सगळं ज्ञान पाजळलं, जंतू सांगितले, पोटं सांगितली. शेवटी उकळून प्यायच्या बोलीवर तडजोड झाली. रोज सकाळी ती फुलपात्र घेऊन गाडीत चढते, नळ सोडते, मी ते उकळते, आणि ती पिते. तिला पाणी प्या म्हणून सांगावं लागत नाही. डॉक्टरही खूश आहेत. मी तुझी किती ऋणी आहे, ते मला या पत्रात नीट लिहिता आलेलं नाही. माझ्या हंड्यांचं ऋण तर होतंच, आता मायच्याही पाण्याचं झालं.

आज सकाळी दादांनी नागपूरचं काढलं. माय म्हणाली, जाऊ की, पण टाकी भरून घ्यायला पाहिजे. ते म्हणाले, भरतो, उद्या आपल्या नळाला पाणी येतंय. तर ती म्हणाली, “आपल्या न्हाई.”

टाकीत आता बोटभर पाणी उरलंय, मोहिनी. तुमच्याकडे अजून शुक्रवारीच येतं ना?

तुझी,
पंचशीला